कोरं टोक

जयताळा, नागपूर
९ जानेवारी २०२५

माही मोठी कातर तू घेऊन गेली ते काही बरं केलं नाही. गांधीबागेतून आणली होती, बावीस वर्षं झाली, चार पदरी कापड एका दमात कापत होती. आता शेजारच्या ताराचंदच्या घरून भाजीची कातर मागून आणते अन् कापड असं निघते का उंदरानं कुरतडलं असन. घर सोडून जाणाऱ्यानं कपडे न्यावे, चपला न्याव्या, फार तं मायचा फोटो न्यावा. आजीची कातर कोण नेते वं?

जय भीम.

पत्ता तुह्या मैत्रिणीनं दिला, मयुरानं. देत नव्हती. मी तिच्या घरी तीन डाव जाऊन बसली. तिच्या मायनं तिन्ही डाव चहा पाजला, अन् तिसऱ्या डावाले मयुरानंच कागदावर लिहून दिला, का म्हातारी एकदाची उठावी. भोसरीत पॅकिंगच्या कंपनीत आहे म्हणे तू, पोरींसोबत खोली केली. फोन तं उचलत नाही. मयुरा म्हणे, आजी, तुमचा नंबर तिनं बंद करून ठेवला. नंबर बंद करता येते हे मले या वयात कळलं. पत्र बंद करता येत नाही. डाकवाला दाराखालून टाकूनच जाईन.

मी चौथी पास, ते बी कधीचं. चुका काढत बसू नको.

तुह्या बापाचं बरं आहे. प्रेमानंद रोज सकाळी साडेपाचले हिंगण्याच्या कंपनीच्या गेटवर ठेला लावते, चहा, ब्रेडपकोडा, बिस्कीट. ताराचंद आपल्या ऑटोनं सोडून देते अन् दुपारची शिफ्ट बदलली का घेऊन येते. जेवण कमी केलं त्यानं. दोन पोळ्याची दीड केली. मी विचारलं तं म्हणे पोट भरलं. तुह्याबद्दल बोलत नाही. मी तुहं नाव काढलं का उठते अन् मोरीवर जाऊन हात धुते, हात स्वच्छ असले तरी.

त्याच्या मनात जे आहे ते तसंच आहे. गल्ल्याचे अकरा हजार तू घेतले, असंच तो म्हणते. मी त्यात बोलत नाही.

एक गोठ तुले राग येईन तरी सांगते. तू गेल्यापासून हिशोब जुळून राहिला. तो घरी मोजते, सोमवारी ताराचंद बँकेत भरते, पासबुक वाचून दाखवते, रुपया इकडचा तिकडं नाही. मागच्या सोमवारी मले म्हणे, "पाह्य माय, आता कसं बरोबर येते."

मी पोळ्या लाटत होती. लाटत राह्यली.

कातर पार्सलनं पाठव. टोकाले चिंधी बांधजो, नाही तं डाकवाल्याचा हात कापन.

तुही आजी
बायजाबाई


२८ जानेवारी २०२५

एकोणीस दिवस झाले. डाकवाला आपल्या गल्लीत येते, समोरच्याच्या घरी विजेचं काहीतरी टाकते, माह्याकडे पाहून मान हलवते अन् जाते. आता तो दिसला का मीच आत जाते. त्याची बी मान दुखत असन.

कातर नाही, अक्षर नाही. असू दे. मीच लिहिते. झालेलं सारं तुले माहीत आहे, तरी ओळीनं लिहून ठेवते, कारण या घरात जे झालं ते कोणी सरळ ओळीनं बोललंच नाही. जो तो आपापल्या कोपऱ्यातून बोलला.

नाण्याचं तुह्या आंधळ्या बापाले कधी अडलं नाही. फळीवर टाकते अन् ऐकते. दहाचं जड पडते, पाचचं टणकन वाजते, वीसच्या नव्या नाण्याले कोपरे आहेत. एकदा कोणा पोट्ट्यानं मशीनचा गोल वायसर दिला होता तं तुह्या बापानं तो न पाहता त्याच्या अंगावर फेकला, अन् बरोबर लागला.

नोटांचं आधी बरं होतं. एकापेक्षा एक मोठी, बोटाले कळे. नोटबंदीनंतर आल्या त्या साऱ्या एका मायच्या लेकी. दहा, वीस, पन्नास त्याले अजून बी बोटानं समजते. पण शंभर, दोनशे अन् पाचशे या तिघींत फरक किती, तं ज्वारीच्या एकेका दाण्याचा. कडेले उठलेल्या तिरप्या रेघा आहेत म्हणे, आंधळ्यांसाठीच काढल्या. कोऱ्या नोटेवर लागतात हाताले. कंपनीतल्या पोट्ट्यांच्या घामाच्या खिशातून निघालेल्या नोटेवर कायची रेघ राहते.

तू त्याच्या मोबाईलात ते बोलणारं टाकून दिलं होतं. नोट पुढं धरली का आतून बाई आकडा सांगे. घरात ठीक होतं. ठेल्यावर गर्दीच्या वेळी ती बाई चारचौघात दोनशे रुपये, दोनशे रुपये करे, अन् पोट्टे म्हणत, प्रेमानंदभाऊ, बाई चांगली ठेवली. त्यानं बंद करून टाकलं. अन् तसं बी उजेड कमी झाला का ती बाई बी आंधळी.

मंग मागच्या जूनमध्ये अंध मंडळाच्या ऑफिसातल्या शोभाताईनं पट्टी दिली. पांढऱ्या प्लास्टिकची, हाताच्या पंजाएवढी लांब, चार बोटं रुंद. एका टोकाकडे खाचा, खाचांपाशी ठिपके, त्याची ब्रेल अक्षरं. दुसरं टोक कोरं. नोटेची कड त्या कोऱ्या टोकाले बरोबर लावायची, नोट सरळ पसरायची, अन् दुसरी कड जिथं पोचन ते पाहायचं. पहिली खाच शंभर, दुसरी दोनशे, अन् पट्टी संपते तिथवर गेली तं पाचशे. त्याले पाचच मिनिटं लागली शिकाले. त्या दिवशी घरातल्या साऱ्या नोटा त्यानं दोनदोनदा मोजल्या, अन् मले म्हणे, माय, आता मी कोणाले विचारणार नाही. पन्नाशीले आलेला माणूस, पण तोंड कसं झालं होतं तुले आठवत असन. शाळेत पहिला नंबर आल्यासारखं.

ठेल्यावर मोठी नोट आली का गिऱ्हाईकाच्या शब्दावर सुट्टे देते. रोजचे लोक आहेत, आंधळ्याले फसवत नाहीत. नोट पेटीच्या फटीतून आत. घरी आल्यावर पट्टीनं मोजते, रबर लावते, आकडा सांगते. त्याच्या मोजण्यात कोणी हात घालायचा नाही अन् डोळा बी घालायचा नाही, हा नियम तुही माय कामिनी होती तवापासूनचा. ती मेली तरी आपण दोघीनं पाळला. तू बंडल तसंच उचलायचं अन् बँकेत न्यायचं.

सप्टेंबरात त्याचा धंदा वाढला. म्हणजे, त्याले तसं वाटलं. आठवड्याले दोन-तीन हजार जास्त. मोजताना गुणगुणे. दुसरी शेगडी घेऊ म्हणे, थंड्या बाटल्यांची पेटी घेऊ म्हणे, अन् तुह्याबद्दल, वैभवीच्या पुढच्या शिक्षणाचं पाहू म्हणे.

अन् तू बँकेतून यायची ते तोंड पाडून. पहिल्याच सोमवारी तुले कळलं होतं का पैसे कमी आहेत. काहून बोलली नाही वं? तो गुणगुणत होता म्हणून. असे चार सोमवार तू गिळले. दसऱ्यानंतरच्या सोमवारी तो ताराचंदले घेऊन बँकेत गेला अन् पासबुक वाचून घेतलं. अकरा हजार. ताराचंद समोर उभा, अन् तो म्हणे, पोरगी चोर निघाली.

तू म्हटलं, बाबा, तुमची पट्टी चुकते.

तो म्हणे, पट्टी मापाची आहे अन् बोटं माही आहेत. चुकन तं डोळेवाल्याचं चुकन.

अन् मी म्हटलं, पट्टी कशी चुकन वं. हे मी म्हटलं. तेवढं लिहून ठेवते. बाकीचं मंग.

बायजाबाई


१५ फेब्रुवारी २०२५

कातर तू काहून नेली ते मले त्याच दिवसापासून माहीत आहे. उगाच भांडली मी. ठेव तुह्यापाशी.

बाकीचं आज लिहिते. तो ठेल्यावर आहे. आता लिहिलं नाही तं मी लिहीन असं वाटत नाही.

सप्टेंबरात मी त्याले नवी बंडी शिवली. कापड गांधीबागेतलं उरलेलं, तुकड्याचं. आतून खिसे, दरवेळसारखे, दहाचा वेगळा, वीसचा वेगळा, अन् या डावाले पट्टीसाठी एक उभा खिसा छातीवर. तो शिवून झाला अन् पट्टी टाकून पाह्यली तं वर डोकं काढून राह्यली. जास्त नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी. तो शेगडीवर वाकला का हनुवटीखाली टोचे. कापड वाढवता येत नव्हतं. म्हटलं पट्टीच उलीशी कमी करू.

आता ऐक. वरचं टोक कापलं असतं तं पाचशेच्याच नोटेचं चुकलं असतं, तेवढ्यावर भागलं असतं. पण वरच्या टोकाले ठिपके होते. ती त्याची अक्षरं. अक्षरावर कातर चालवू नये, असं माह्या बापानं मले शिकवलं होतं. त्याले स्वतःले अंगठा द्यावा लागे, तरी रस्त्यावरचा छापील कागद पायाखाली येऊ देत नव्हता. मी अक्षर वाचवलं अन् कोरं टोक कापलं. कोरं म्हणजे बिनकामाचं, असं मले वाटलं. माप तिथूनच सुरू होते हे चौथी पास बाईले कोण सांगन.

तू खाटेवर बसून केस विंचरत होती. तू पाह्यलं मले कापताना. तुले बी तवा काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून शंभराची नोट दोनशेच्या खाचेले लागाले लागली अन् दोनशेची पाचशेले. तो खोटं मोजत नव्हता. त्याची बोटं बी चुकली नाहीत. बोटं बरोबर होती अन् पट्टी खोटी होती, अन् ती मी केली.

हे मले कधी कळलं ते विचार. तू "पट्टी चुकते" म्हटलं अन् माह्याकडे पाह्यलं, तवाच मले कातर आठवली. मंगळवारी तो ठेल्यावर गेला, पट्टी घरी होती, मी दोन नोटा अन् ज्वारीचा दाणा घेऊन बसली. दाणा कोऱ्या टोकाले बाहेरून टेकवला, त्याच्या बाहेरच्या कडेपासून नोट लावली. शंभरची शंभर आली. दाणा काढला. शंभरची दोनशे झाली. तीन डाव करून पाह्यलं. म्हणजे मंगळवारपासून मले पक्कं माहीत होतं, अन् तू गुरुवारी गेली. मधात बुधवार अख्खा होता.

बोलली काहून नाही? तुले काय सांगू. त्याच्या अंगावरचं सारं माह्या हातचं आहे. कोणत्या खिशात काय, कोणत्या डब्यात मीठ, कोणत्या खुंटीले टॉवेल, तो मले विचारत बी नाही, हात घालते अन् सापडते. पन्नास वर्षं लागली तेवढं व्हायले. माह्या हातानं त्याचं माप खोटं केलं हे कळलं असतं तं तो उद्यापासून ताटात बी बोट घालून पाह्यन का मायनं काय वाढलं. मले तेवढं सोसलं नसतं. तुहं सोसलं. तू जवान आहे, कुठंबी उभी राहशील, असा हिशोब केला मी. बस एवढंच. याहून मोठं कारण मले सापडत नाही.

गुरुवारी तू माह्या डोळ्यासमोर कातर पिशवीत टाकली. एक शब्द नाही. बोलली असती तं बरं झालं असतं, मी निदान खोटं तरी बोलली असती.

तू गेल्यावर मी शोभाताईकडे गेली. बस बदलून, उन्हात. सांगतलं का पट्टी हरवली. तिनं नवी दिली, पैसे घेतले नाही. नवी पट्टी त्याच्या बोटाले कळली असती म्हणून मी ती राखेनं घासली, कोपरे पाट्यावर घासले, दोन दिवस तांदळाच्या डब्यात बुडवून ठेवली का घरचा वास लागावा. आणखी एक बंडी शिवली, तिले लांब खिसा केला. जुनी पट्टी कचऱ्याच्या गाडीत टाकली. गाडीवाला पोट्टा म्हणे, माय, हे ओल्यात नको, सुक्यात टाका. मी सुक्यात टाकली.

अन् हिशोब जुळाले लागला.

कळते का तुले मी काय केलं ते? तू होती तोवर पैसे कमी. तू गेली अन् पैसे बरोबर. आंधळा असो का डोळस, कोणीबी माणूस यातून काय समजन? मी त्याची पट्टी दुरुस्त केली अन् तुह्यावर शिक्का मारला.

मी काही रडून राह्यली नाही. रडून कागद ओला होते अन् शाई पसरते.

बायजाबाई


५ मार्च २०२५

त्याले सांगतलं.

तू म्हणशील पाच महिन्यांनी जीभ सुटली म्हातारीची. हाव, पाच महिन्यांनी. ते बी त्यानं परवान्याचा कागद आणला म्हणून सुटली, नाही तं अजून बी नसती सुटली. ठेल्याचा परवाना ३१ मार्चले नवा करायचा आहे. त्यात मदतनीस म्हणून डोळेवाल्या माणसाचं नाव लागते. मागच्या डावाले तुहं टाकलं होतं, तू नुकतीच अठराची झाली होती. या डावाले तो म्हणे ताराचंदचं टाकतो. एकदा टाकलं का पाच वर्षं हलत नाही. अन् तो कागदावरून नाव काढते तवा मनातून बी काढते, मी त्याले ओळखते. कामिनीचं नाव रेशनकार्डावरून काढलं त्या दिवसानंतर त्यानं तिचं नाव घेतलं नाही.

तो जेवून बसला होता. मी समोर बसली अन् सारं सांगतलं. बंडी, दाणा, कोरं टोक, कातर, शोभाताई, राख, सारं. एक बी गोठ ठेवली नाही. इतकं खरं मी आयुष्यात एका बैठकीत बोलली नसन.

तो ऐकत राह्यला. मंग हसला, वं. दात दाखवून नाही, नाकातून. म्हणे, "माय, नातीसाठी एवढं करू नको. तुले खोटं बोलता येत नाही."

मी म्हटलं, खरं आहे हे.

तो म्हणे, मंग ती कापलेली पट्टी दाखव. मी म्हटलं कचऱ्यात गेली. म्हणे, बरं. मी म्हटलं, शोभाताईले फोन लाव, तिनं दुसरी दिली का नाही विचार. त्यानं लावला. शोभाताई भली बाई, जे झालं तेच सांगणार. म्हणाली, हाव, आजी आल्या होत्या, पट्टी हरवली म्हणून घेऊन गेल्या. त्यानं फोन ठेवला अन् मले म्हणे, तवा हरवली होती, आता कापली होती. उद्या काय होईन माय, वितळली?

आता याले काय सांगू. खोटं बोलली तवा साऱ्याईनं विश्वास ठेवला, अन् खरं बोलली तं माहंच खोटं आडवं आलं.

ताराचंदले सांगतलं. तो आपला चांगला माणूस, त्याले ठेला नको न् काही नको. डोळ्यानं पाहून राह्यला होता का मी शपथेवर बोलून राह्यली. तरी बाहेर जाऊन प्रेमानंदले म्हणे, भाऊ, आजी थकल्या आता, मनावर नका घेऊ. मले येडी, बह्याड ठरवून मोकळा झाला. वाईट मनानं नाही. वाईट मनानं केलं असतं तं मी त्याले दोन शिव्या दिल्या असत्या.

तुले यायले सांगत नाही. तू येऊन काय करशील, तुह्याजवळ बी कातरच आहे. कातरीनं काय कापलं ते कातर सांगत नाही.

आज फक्त कळवते का मी बोलली. उशिरा बोलली, अन् वाया गेलं.

बायजाबाई


२१ मार्च २०२५

वैभवी,

जुनी बंडी फाटली. सप्टेंबरातलीच ती, आखूड खिशाची. तो अजून बी घालते, आठवड्यातून दोन दिवस, त्या दिवशी पट्टी घरीच राहते. काखेत उसवली म्हणून मी दुरुस्तीले घेतली अन् छातीच्या खिशाच्या तोंडाशी हात लागला तं कापडात काहीतरी कडक लागलं.

मी काहीच फेकत नाही हे तू जाणते. सुतळी फेकत नाही, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवते, तू चिडत होती. पट्टीचं कापलेलं टोक, चार बोटं लांब अन् ज्वारीच्या दाण्याएवढं रुंद, ते मी फेकलंच नव्हतं. खिशाचं तोंड उघडं राहावं, त्याचं बोट अडू नये, म्हणून त्याच दिवशी खिशाच्या काठात घालून शिवून टाकलं होतं. अन् विसरली. सहा महिने तो ते छातीवर घेऊन फिरला. त्याच बंडीत बसून त्यानं मले खोटी ठरवलं.

ब्लेडनं उसवलं. एक कड कारखान्याची, गुळगुळीत. दुसरी कातरीची, अन् मधात एक दात, जिथं माहा हात थांबला होता अन् परत लावला होता.

दुपारी तो आला, हातपाय धुतले, अन् मी ते त्याच्या तळहातावर ठेवलं.  बोलून काय झालं ते पाह्यलंच होतं.

त्यानं अंगठा फिरवला. गुळगुळीत कडेवरून, मंग दुसऱ्या कडेवरून. दातापाशी थांबला. परत गेला अन् परत दातापाशी थांबला. म्हणे, हे काय. मी म्हटलं, कोरं टोक. म्हणे, बादलीचा तुकडा बी असा असते. मी म्हटलं, हाव, असते.

मी आत गेली. पण दाराआडून पाह्यलं, खोटं कायले सांगू. त्यानं खिशातून पट्टी काढली, फळीवर ठेवली. तो तुकडा पट्टीच्या कोऱ्या टोकावर बरोबर बसवला, एका बोटानं दाबून धरला. दोघांची रुंदी एकच आली, ती त्यानं दोन्हीकडून चाचपली. मंग पेटीतून एक नोट काढली, तुकड्याच्या आतल्या कडेपासून लावली, पसरली. शंभरची होती, मले दिसत होती. दोनशेच्या खाचेले लागली. त्यानं तुकडा काढला, नोट मागं सरकवली. शंभर. परत तुकडा ठेवला. दोनशे. दुसरी नोट घेतली. तिसरी घेतली. मी मोजत होती, अकरा डाव केलं त्यानं. मंग सारं आवरलं, तुकडा दहाच्या खिशात ठेवला, अन् आवाज दिला, "माय, चहा ठेव."

मी ठेवला. कपात बोट बुडवून पाह्यलं त्यानं, गरम आहे का थंड. आधी कधी पाहत नव्हता.

हे झालं तेरा तारखेले. आज एकवीस. तो मले काही बोलला नाही. ना शिवी, ना माफी, ना तुहं नाव. परवान्याचा कागद फळीवर आहे, मदतनीसाची जागा कोरी. ताराचंदनं दोन डाव विचारलं तं म्हणे पाहू. मी विचारत नाही. मले विचारायचा हक्क आहे असं मले वाटत नाही, अन् मले असं वाटण्याची सवय बी नाही.

पण रोज दुपारी तो ठिपके टोचायची पाटी काढते. कामिनी गेल्यानंतर काढली नव्हती. जाड कागद लावते, टोचत बसते, टकटक टकटक, मंग कागद काढते, बोटानं वाचते, चुरगळते अन् शेगडीपाशी टाकते. परत नवा कागद. रोज दोन, रोज तीन. मी जाळाले घेते असं त्याले वाटते.

त्यातला एक मी सरळ करून या पाकिटात घातला आहे. बिस्किटाच्या खोक्याचे दोन पुठ्ठे लावले दोन्हीकडून, का ठिपके दबू नये. पोस्टातल्या बाईले म्हटलं, शिक्का हळू मार. ती म्हणे आजी, आत काय काच आहे का. मी म्हटलं, हाव.

त्यात काय लिहिलं मले माहीत नाही. मी बोट फिरवून पाह्यलं, मले नुसते पुरळ लागले. तुह्या नावानं आहे का माह्या नावानं, तुले बोलावते का मले घराबाहेर काढते, का नुसता ठेल्याचा हिशोब आहे, मले कळत नाही. कोणाले वाचाले देऊ? या घरात ते वाचणारे दोनच, एक लिहून फेकून राह्यला अन् दुसरी भोसरीत. बापाच्या मांडीवर बसून सात वर्षांची असताना शिकली होती तू. मले बी शिकवत होती, मी म्हटलं होतं, मले डोळे आहेत, मले काय गरज.

त्याच्या फेकलेल्या कागदाची चोरी करून पाठवते. या घरात चोर कोणी असन तं तो मी आहे, त्याचं माप, तुहं नाव अन् आता हा कागद, तीन डाव झालं.

आता शेवटचं ऐक, अन् हे सांगणं नाही, हुकूम आहे. मले उत्तर द्यायचं नाही. माफ केलं असन तरी नाही, शिव्या द्यायच्या असतील तरी नाही. ताराचंदच्या मोबाईलवर नाही, मयुराच्या हाती निरोप नाही. जाड कागद घे, ठिपक्यांत लिही, वर नाव प्रेमानंदचं टाक. मी पाकीट न फोडता त्याच्या हातात देईन अन् बाहेर जाऊन बसन. त्यात माह्याबद्दल काय लिहिलं ते मले वाचता येणार नाही, अन् तो सांगणार नाही, तसंच असू दे. एकतीस तारखेच्या आत पोचलं पायजे. उत्तर त्याले दे. तूच दे.